दुर्बळ बंधूचा कान

पळसटोल्याच्या ख्रिस्ती मंडळीत पत्रूभाऊ दुर्बळ निघतील असं कोणी म्हटलं असतं, तर गावाने त्याला वेड्यात काढलं असतं. पत्रूभाऊ चर्चची घंटा नुसती वाजवत नसत, दोरीला लटकत असत. उपदेशाच्या वेळी कोणी पेंगलं की मागून येऊन बाकाला लाथ घालत, आणि बाक लांब असल्यामुळे एकाच्या पापासाठी सहाजण दचकत. मंडळीचे ते वडील, म्हणजे कमिटीतले मुख्य. त्यांच्यासमोर दुर्बळ असायचे ते बाकीचे लोक.

तरीही ते दुर्बळ निघाले, आणि तेही वच्छला सिस्टरच्या रेडिओमुळे.

वच्छला सिस्टर मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. आसपासच्या टोल्या-पाड्यांवरची निम्मी माणसं त्यांच्याच हातावर जन्मलेली, त्यामुळे त्यांचा हात कोणाला नवा नव्हता आणि तोंडही. लग्न केलं नव्हतं. नागपूरला शिकल्या, पळसटोल्याला आल्या आणि राहिल्या. संध्याकाळी घरी आल्या की चुलीवर भात चढवायच्या, ओसरीवर खुर्ची ओढायच्या आणि चांद्याच्या गोल बाजारातून आणलेल्या रेडिओचा कान पिळायच्या. फर्माइशी गाणी लागत. भात शिजेपर्यंत गाणी, गाणी संपली की जेवण. दिवसभर बाळंतिणींच्या किंकाळ्या ऐकणाऱ्या बाईला संध्याकाळी कोणीतरी सुरात ओरडावं असं वाटत असेल, तर त्यात कोणाचं काय गेलं?

गेलं ते शेजारच्या पत्रूभाऊंचं. दोघांच्या सांदवाड्यांच्या, म्हणजे परसांच्या मध्ये एक बांबूचं कुंपण होतं. रेडिओ लागला की पत्रूभाऊंना नेमकं कुंपणाशी काम निघे. कधी दोर वळायचा असे, कधी विळ्याला धार लावायची असे. काहीच नसलं तर दुधीच्या वेलाला पाणी घालत. त्या वेलाला इतकं पाणी मिळालं की मुळं सडली. पत्रूभाऊंनी दुसरा वेल लावला, तोही कुंपणाशीच.

असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि कोणाचाही आत्मा धोक्यात आल्याचं ऐकिवात नव्हतं. मग पावसाळा सरल्यावर एक तरुण उपदेशक नागपूरकडून आला. चर्चच्या अंगणात मांडव घालून त्याने सभा घेतल्या. संसारी गाणी हा सैतानाने कानात घातलेला हात आहे, असं त्याने सांगितलं आणि शेवटच्या दिवशी सगळं संसारी संगीत आगीत टाकायला बोलावलं. आता पळसटोल्यात जाळायला संगीत होतं किती? जंगल डेपोवर चौकीदार असलेल्या इसरूने एक कॅसेट टाकली, जिची फीत आधीच बकरीने खाल्ली होती. कोणी फुटकी ढोलकी टाकली. कोणी नटीचं कॅलेंडर आणलं, त्याला संगीत म्हणावं की नाही यावर थोडी चर्चा होऊन तेही टाकलं. उपदेशकाने मोठ्या विजयाबद्दल आभार मानले आणि दुपारच्या एसटीने तो वडशाला निघून गेला.

वच्छला सिस्टरांनी काहीच टाकलं नव्हतं. त्या वेळी त्या बाळंतपणाला गेल्या होत्या.

पुढच्या रविवारी पाळक याकोबसाहेब चांद्याहून आले. महिन्यातून एकदा ते येत. वाचलेला माणूस, कोणत्याही प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यांना दिसत आणि त्यामुळे प्रश्न दिसेनासा होई. उपासना संपल्यावर कमिटी बसली आणि सिस्टरांना बोलावणं गेलं.

"बाई, रेडिओवर गाणी ऐकण्याविषयी बोलायचं आहे," याकोबसाहेब म्हणाले.

"पाप आहे का ते? एवढंच सांगा. मला दवाखान्यात जायचंय."

"पाप असं म्हणता येणार नाही."

"मग झालं."

"थांबा. ख्रिस्तात आपण मोकळे आहोत, हे खरं. पण प्रेषिताने मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल काय सांगितलं ते आठवा. मांसात काही नाही, मूर्तीतही काही नाही. ज्याला हे कळलं तो जेवायला मोकळा. पण शेजारी दुर्बळ, कच्च्या विश्वासाचा भाऊ बसला असेल, आणि आपलं खाणं बघून तो अडखळत असेल, तर मोकळीक असूनही प्रीतीने ताट बाजूला सारावं."

"बरं. कोण आहे हा कच्चा भाऊ? पुढे पाठवा. मी टॉनिक लिहून देते."

मग पहिल्या बाकावरून पत्रूभाऊ उठले. छाती पुढे, मिशा नीट.

"मी आहो जी दुर्बळ," ते म्हणाले.

इसरूला जोराचा ठसका लागला.

"तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या. "अहो, परवा तुम्ही एकट्याने बैल खड्ड्यातून ओढून काढला."

"तो बैल होता. हे मन आहे. तुमचा रेडिओ लागला का मन संसारात जाते. त्या दिशी प्रार्थना करता करता हातानं मांडीवर ठेका धरला. बायनानं पाह्यलं. विचारा तिले."

त्यांची बायको बायनाबाई शेवटच्या बाकावर होती. तिला कमी ऐकू येई. सगळे आपल्याकडे बघताहेत एवढं पाहून तिने नमस्कार केला.

"मग गाणी लागली की घरात जावं," सिस्टर म्हणाल्या.

"कसा जाऊ? अडखळलेला मानूस चालन कसा?"

याकोबसाहेबांना हा मुद्दा आवडलेला दिसला. ते म्हणाले, "बाई, आम्ही सक्ती करत नाही. तुम्ही विश्वासात बलवान आहात. तुम्ही हे स्वेच्छेने सोडावं."

"आणि स्वेच्छा नसली तर?"

"तर ती व्हावी म्हणून आम्ही प्रार्थना करू."

आपल्या स्वेच्छेसाठी पत्रूभाऊ दर रविवारी मोठ्याने प्रार्थना करताहेत, हे चित्र सिस्टरांना सोसवलं नाही. त्यांनी रेडिओ बंद केला, त्यावर टॉवेल टाकला आणि तो फळीवर ठेवला. मनातून त्यांना हेही वाटलं, की खरंच एखादा माणूस पडत असेल तर आपण दोन गाण्यांसाठी त्याला पडू द्यावं काय? त्या चिडक्या होत्या, पण विश्वास त्यांचाही होता. तिथेच तर सगळी पंचाईत होती.

संध्याकाळी भात रटरटायचा तेवढाच आवाज. पहिल्याच आठवड्यात दोनदा भात करपला, कारण गाण्यांवरून त्यांना वेळ कळायची.

इकडे दुर्बळ झाल्यापासून पत्रूभाऊंचा मान वाढला. कमिटीत चहा आधी त्यांना. कोणी काही बोलायच्या आधी त्यांच्याकडे बघे, की भाऊ अडखळत तर नाहीत? हे इतरांच्या लक्षात आलं. पळसटोल्याचे लोक साधे असतील, बुद्दू नव्हते. महिन्याभरात मंडळीत दुर्बळतेची साथ आली. कोणी कौलं शाकारण्याच्या बाबतीत दुर्बळ निघालं, कारण उंचावर गेलं की गर्व होतो. दोघीजणी चर्च झाडण्याच्या बाबतीत दुर्बळ निघाल्या. इसरू सिस्टरांच्या दारात येऊन म्हणाला, "सिस्टर, मी सुकटीपुढं दुर्बळ आहो. तुमच्या घरून वास आला का माहा उपास तुटते."

"मग मी काय करू?"

"दोन उपाय आहेत जी. तुमी सुकट सोडा, नाई तर वाटीभर मले द्या. दोन्हीत प्रीती आहे."

सिस्टरांनी दार लावलं. मग उघडलं आणि वाटी दिली.

शेवटी मंडळीत बलवान म्हणून दोनच माणसं उरली, वच्छला सिस्टर आणि याकोबसाहेब, आणि याकोबसाहेब राहायचे चांद्याला. तेव्हा चर्च झाडणं, दिव्यांच्या काचा पुसणं, पाहुण्या उपदेशकाला जेवू घालणं, सगळं बळाप्रमाणे सिस्टरांकडे आलं. पुढच्या कमिटीत त्या तणतणत गेल्या आणि म्हणाल्या, "मीही दुर्बळ आहे. पत्रूभाऊ पहाटे उठून बेसूर गीतं गातात. ती ऐकून माझ्या मनात जे येतं, ते दहा आज्ञांपैकी निदान एकीत बसत नाही."

"असं कसं चालन?" पत्रूभाऊ म्हणाले. "तुमी तर बलवान ठरल्या. एका मानसाले दोन्ही कसं भेटन?"

याकोबसाहेबांनाही वाटलं, की देवाने दिलेलं बळ परत करता येत नाही.

मग मंडई आली. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री नाटक होतं आणि नाटकाची जाहिरात म्हणून सकाळपासून भोंगा लागतो. पळसटोल्याचा भोंगा दरवर्षी चर्चसमोरच्या चिंचेला बांधतात, कारण ती गावातली सगळ्यांत उंच चिंच. त्या रविवारी याकोबसाहेबांनी पश्चात्तापावर उपदेश केला आणि भोंग्याने एका अतिशय चटकदार गाण्याने त्याला साथ दिली. नंतर कोणालाही उपदेश आठवेना, आणि गाणं तर सगळ्यांना पाठ झालं.

वच्छला सिस्टरांनी उपदेश ऐकलाच नव्हता. त्या पत्रूभाऊंचा उजवा पाय बघत होत्या.

"पाय हलत होता तुमचा," कमिटी बसल्याबरोबर त्या म्हणाल्या. "पूर्ण गाणंभर. सम अचूक पकडली."

"तो भोंगा होता," पत्रूभाऊ म्हणाले.

"गाणं तर तेच ना! माझ्या रेडिओवर लागायचं तेच!"

"पन भोंगा आपला नाई. त्याचं बटन आपल्या मानसानं दाबलं काय? नाई. वारा आला, तर आला. वाऱ्याले कोन पाप म्हन्ते? तुमच्या रेडिओचं बटन मंडळीचं मानूस दाबते, म्हनून मी अडखळतो."

याकोबसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "यात तथ्य आहे," ते म्हणाले.

सिस्टर ताडकन उठल्या. "अस्सं!" त्या म्हणाल्या. "म्हणजे पाप कानात नाही, बोटात आहे. मग असं करा. माझा रेडिओ लहानू गुरुजींकडे ठेवा. ते मंडळीचे नाहीत. ते बटन दाबतील, तुम्ही सगळे वारा खा!"

हे त्या उपरोधाने बोलल्या होत्या. पण उपरोध ही चीज चांद्याच्या अलीकडे फारशी पोचलेली नव्हती. कमिटीने एकमेकांकडे पाहिलं, इसरूने अनुमोदन दिलं आणि ठराव एकमताने पास झाला.

लहानू गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवायचे. बौद्ध घर, पत्रूभाऊंच्या पलीकडचंच. पत्रूभाऊ रेडिओ काखेत घेऊन गेले, मागून सिस्टर गेल्या, कारण रेडिओ त्यांचा होता.

"जयभीम, गुरुजी. हे तुमी वाजवत जा," पत्रूभाऊ म्हणाले आणि सगळा निकाल समजावून सांगितला.

गुरुजींनी तो विद्यार्थ्याचं उत्तर ऐकावं तसा ऐकून घेतला. "म्हणजे बटन मी दाबलं तर पाप नाई लागत?"

"तुमाले नाई लागत जी. कमिटीनं पाह्यलं ते."

"माझ्या धर्मात काय चालते ते तुमच्या कमिटीनं ठरवलं, अन् मला साधं बोलावलं पण नाई?"

"चुकलंच," सिस्टर म्हणाल्या. "पण गुरुजी, तुमच्या पाया पडते, यांच्याशी वाद घालू नका. मी दोन महिने घालून पाहिला."

गुरुजींनी रेडिओ ठेवून घेतला. सज्जन माणूस. सज्जनपणाचा त्रास कसा असतो, ते त्याच संध्याकाळपासून कळायला लागलं. मंडळीची बरीचशी माणसं गुरुजींच्या कुंपणाशी वारा खायला जमली. पत्रूभाऊंनी खाट आणली. सिस्टरही आपल्या ओसरीवर खुर्ची टाकून कान देऊन बसल्या. गुरुजींनी बटन दाबलं. बातम्या लागल्या. त्यानंतर शेतकऱ्यांसाठी धानावरच्या तुडतुड्यांची माहिती लागली. ती संपून गाण्यांची घोषणा झाली, सतार एकदाच टुणकली, आणि गुरुजींनी रेडिओ बंद केला.

"काऊन जी?" अंधारातून सातआठ आवाज एकदम आले.

"सेल सिस्टरचे आहेत," गुरुजी म्हणाले. "लोकांच्या वस्तूची उधळपट्टी मी करत नाई."

दुसऱ्या दिवशी कंपोस्ट खत, तिसऱ्या दिवशी पाणलोट. मंडळीची शेती त्या वर्षी बरी झाली असती, पण ऐकणाऱ्यांची संख्या रोडावली. सिस्टरांना संध्याकाळी दवाखान्यातून घराकडे पाय उचलवेना. आधी निदान रेडिओ मुकाट होता. आता तो बोलायचा, आणि नेमकं नको ते बोलायचा.

त्या दिवशी त्या एका अवघड बाळंतपणावरून येत होत्या. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, सिस्टर मात्र थकून गेल्या होत्या. गुरुजींच्या फाटकाशी त्यांना पत्रूभाऊंचा आवाज आला. आवाज लाडीगोडीचा होता, म्हणून त्या थांबल्या. तसा आवाज त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता.

"गुरुजी, आज ते दुसरं लावा ना जी. तुडतुडे समजले आता. बातम्यांनंतर लागते ते."

"कोणतं?"

"ते गानं. थे बाई म्हन्ते ते."

"बाया तर पुष्कळ म्हणतात, भाऊ."

पत्रूभाऊंनी रस्त्याकडे एकदा बघितलं. संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्यांना सिस्टर दिसल्या नाहीत. मग त्यांनी ते गाणं गुणगुणून दाखवलं. पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं, मध्ये बासरीचा तुकडा येतो तोही तोंडाने वाजवला, आणि बासरीनंतर तबला जिथे उठतो तिथे खाटेच्या लाकडावर दोन बोटं मारली. पहाटेच्या गीतांत बेसूर होणारा हा माणूस इथे एका सुरालाही चुकला नाही.

सिस्टर आत गेल्या. "गुरुजी, माझा रेडिओ द्या."

गुरुजींनी तो लगेच दिला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद होता.

"सिस्टर," पत्रूभाऊ खाटेवरून उठले, "तुमचा गैरसमज होऊन राह्यला."

"गाणं पाठ आहे तुम्हाला. बासरीसकट."

"पाठ आहे म्हनूनच तर दुर्बळ आहो मी!"

"आणि बंद झालं तेव्हा?"

"तेव्हा..." पत्रूभाऊंनी खाली बघितलं. "तेव्हा अजून दुर्बळ झालो. झोपच नाई लागत. पन ते कमिटीत कसं सांगू? वडील आहो मी मंडळीचा. घरी रेडिओ ठेवला तर लोक काय म्हनतीन? तुमी वाजवल्यावर कसं, माहं काही जात नोव्हतं. मी आपला वेलाले पानी देत होतो. त्या उपदेशकानं असा भेव घातला का तकरार केली. वाटलं, तुमी काई माननार नाई. तुमी कोनाचं मानता कवा?"

सिस्टरांनी रेडिओ काखेत मारला. दोन महिने आपण प्रीतीने गप्प बसलो, आणि या गृहस्थाचा सगळा भरवसा आपण भांडू यावर होता! प्रीतीने नेमकं चुकीच्या वेळी गाठलं.

त्या घरी आल्या. चुलीवर भात चढवला. ओसरीवर खुर्ची ओढली, मांडीवर रेडिओ घेतला आणि कान पिळला. गाणं लागलं. पत्रूभाऊ तोवर कुंपणाशी पोचले होते.

"सिस्टर, कमिटीले काय सांगाचं?"

"सांगा, बटन मी दाबलं. मंडळीच्या माणसाने, स्वतःच्या बोटाने. याकोबसाहेब आले की त्यांना मीच सांगते. उद्या खरंच कोणी माझ्या गाण्यापायी पडत असेल, तर रेडिओ परत फळीवर जाईल, त्यात काय! पण कुंपणाआड लपून ऐकायचं आणि पुढून मला बलवान म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं, हे आता बंद. ज्याला ऐकायचं त्याने पुढच्या दाराने यावं. आणि तुम्ही अडखळू नये म्हणून हे घ्या."

त्यांनी आवाज इतका कमी केला की तो ओसरीच्या बाहेर जाईना.

"एवढा बारीक?" पत्रूभाऊंनी कुंपणावर मान टाकली. "काईच ऐकू येऊन नाई राह्यलं!"

"तुमच्याच आत्म्यासाठी."

मग पुढचं फाटक वाजलं. सिस्टरांनी वर पाहिलं, तर बायनाबाई. हातात सूप, सुपात निवडायचे तांदूळ. ती सरळ येऊन रेडिओच्या अगदी जवळ बसली.

"सिस्टर, मले कमी ऐकू येते," ती ओरडून म्हणाली. "हे रोज म्हनत राह्ते, बाहीर काईच नाई लागलं, काईच नाई लागलं. मले वाटे खरंच काई नाई लागत. हे कोन बाई आहे वो? कुठची?"

"मुंबईची असेल. ऐका तर खरं."

"मुंबईची! लेकरंबाळं आहेत काय तिले?"

"बायना!" कुंपणावरून पत्रूभाऊ गरजले. "गप बस ना वो! दुसरं कडवं आलं!"

वच्छला सिस्टरांनी डोळे मिटले. दोन महिन्यांनी लागलेलं पहिलं गाणं, आणि त्यातली एक ओळ धड कानी पडू नये! त्या उठल्या, आत जाऊन भाताखालचा जाळ कमी केला, दुसऱ्या चुलीवर चहाचं आधण ठेवलं, आणि तिथूनच ओरडल्या, "पत्रूभाऊ, यायचं असेल तर या. कुंपणावर चहा मिळत नाही."

चहा घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा ओसरीच्या पायरीवर पत्रूभाऊ बसलेले होते, रेडिओकडे पाठ करून.

"पाठ कायले?" बायनाबाईने विचारलं.

"पाठीले कान नसते," पत्रूभाऊ म्हणाले.

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण सिस्टरांना गाणं ऐकायचं होतं. त्यांनी कप पुढे केला. पत्रूभाऊंनी तो मागे न बघता घेतला. गाणं संपलं, निवेदकाने काहीतरी सांगितलं आणि मध्येच खरखर सुरू झाली. सिस्टरांचा हात बटनाकडे गेला.

"नोका हलवू," पत्रूभाऊ घाईघाईने म्हणाले. "आता जरासा असाच खरखरन. त्याच्यामागं आज जुनी गानी राह्यते."